साठ शॉर्टफॉर्म तोंडपाठ, तरी हात जागचा हलत नाही

परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तिनं एसपीएल, म्हणजे शिकाऊ वैमानिकाचा परवाना, काढलंय, सेस्ना १५२ या छोट्या विमानावर २२ तास झालेत, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात. ग्राउंड स्कूलमध्ये मिळालेले साठाहून जास्त शॉर्टफॉर्म तिनं वहीत उतरवलेत आणि ते तोंडपाठही आहेत. पण कॉकपिटमध्ये बसलं की एकमेकांत मिसळतात. मागच्या सॉर्टीत (उड्डाणात) लँडिंगआधीच्या तपासणीचं गम्प्स म्हणता म्हणता ती हॅसेलमध्ये शिरली, जे स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या, सरावाआधी म्हणतात. सर म्हणाले, पाठांतर कमी पडतंय. आता तिला विचारायचंय की पाठांतर पक्कं करायची काही युक्ती आहे का, की इंग्रजी कच्चं असल्यामुळं असं होतंय.

तुमचं इंग्रजी कच्चं नाही आणि पाठांतरही कमी पडलेलं नाही. उलट पाठांतर नको तिथं झालंय. मी बरीच वर्षं उजव्या सीटवर बसून शिकवलंय. माझंही शिक्षण औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं, त्यामुळं तुमची अडचण मला आतून माहीत आहे. तुम्ही विचारलंय ‘लक्षात कसं ठेवू’. खरा प्रश्न आहे तो ‘वेळेवर हात योग्य जागी कसा जाईल’ हा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पहिली जमली म्हणून दुसरी जमत नाही.

आधी एक मान्य करतो. कोणते शॉर्टफॉर्म ठेवायचे नि कोणते सोडायचे, हे विमानावर, तुमच्या संस्थेच्या एसओपीवर (लेखी कार्यपद्धतीवर) आणि परीक्षकावरही अवलंबून आहे. एसओपीत एखादी गोष्ट म्हणायची असं लिहिलं असेल, तर ती म्हणायचीच. आणि विमानाच्या हँडबुकात जे लिहिलंय त्याच्यापुढं माझा किंवा कुणाचाही सल्ला चालत नाही. एवढं धरून पुढचं वाचा.

आपण सगळे लहानपणी ‘तानापिहिनिपाजा’ शिकलो. ते आजही विसरत नाही. का? तांबडा, नारिंगी, पिवळा हे रंग आपल्याला आधीच ओळखीचे होते. इंद्रधनुष्यही डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ठाऊक नव्हता तो फक्त क्रम, आणि ती सात अक्षरं तेवढा क्रम देतात. ज्यानं जन्मात रंग पाहिले नाहीत त्याला तानापिहिनिपाजा पाठ करून काय मिळणार? शॉर्टफॉर्मचं काम एवढंच असतं. समजलेल्या गोष्टी ओळीनं लावून देणं. न समजलेली गोष्ट त्यातून समजत नाही, आणि आपल्याकडच्या वह्यांत नेमका हाच घोळ झालेला असतो.

गम्प्सच घ्या. जी म्हणजे गॅस, यू म्हणजे अंडरकॅरेज (चाकं), एम म्हणजे मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण), पी म्हणजे प्रॉप (पुढचा पंखा), एस म्हणजे सीटबेल्ट. हे अमेरिकेत घडलेलं आहे. तिथं पेट्रोलला गॅस म्हणतात. आपल्या घरात गॅस म्हणजे सिलिंडर. म्हणजे पहिल्या अक्षरालाच आपलं लेकरू मनात एक भाषांतर करतं आणि मग हात हलवतं. हॅसेल ब्रिटिश पद्धतीतलं. त्यातल्या एससाठी सिक्युरिटी. त्याचा अर्थ बेल्ट घट्ट आणि कॉकपिटमध्ये काही सुटं पडलेलं नाही. हे कुणी समजावून दिलं नाही, तर ‘सिक्युरिटी’ या शब्दावरून मराठी मुलाच्या डोळ्यांपुढं गेटवरचा वॉचमन येतो. दोन देशांत घडलेली अक्षरं एका वहीत एकाखाली एक उतरली आहेत. एस दोन्हीकडं आहे. एकातून दुसऱ्यात घसरायला तेवढं पुरतं. तुमचं बहुधा तिथंच झालं असावं.

आता तुमचं १५२ डोळ्यांपुढं आणा आणि गम्प्स तपासा. चाकं कायम बाहेरच असतात, आत जात नाहीत. प्रॉपेलरचा पिच, म्हणजे पात्यांचा कोन, बदलत नाही. म्हणजे पाचातल्या दोन अक्षरांना या विमानात कामच नाही. काही इन्स्ट्रक्टर म्हणतात की पुढं मोठ्या विमानात गेल्यावर उपयोगी पडेल, म्हणून आत्तापासून सवय लावा. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी त्याला खोडून काढत नाही. पण मी पाहिलंय ते असं, की ‘अंडरकॅरेज फिक्स्ड’ दीडशे तास नुसतं तोंडानं म्हटलेल्या माणसाला न पाहता म्हणायची सवय लागते, आणि चाकं आत-बाहेर होणाऱ्या विमानातही त्याचं तोंड पुढं धावतं.

आणि १५२ मध्ये लँडिंगआधी जे हातानं करावंच लागतं, त्या कार्ब हीटला, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडण्याला, गम्प्समध्ये अक्षरच नाही. काही जण त्यासाठी सुरुवातीला एक सी जोडतात. ज्यांना तो सी कुणी दिला नाही, त्यांचं काय होतं ते सांगतो.

ऑगस्ट महिना होता. सकाळचा पाऊस थांबलेला, ढग वर सरकलेले, हवा दमट. माझा एक विद्यार्थी डाउनविंडवर, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडण्याच्या टप्प्यावर, होता. त्यानं थ्रॉटल मागं घेऊन उतरायला सुरुवात केली आणि गम्प्स सुरू केलं. स्वच्छ उच्चार, एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. तो ‘सीटबेल्ट्स सिक्योर’ म्हणाला तेव्हा इंजिनाचा आवाज खरखरीत झाला होता आणि थ्रॉटल न हलवताच आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, खाली आले होते. मी काही बोललो नाही, थांबलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून गम्प्स म्हणायला लागला. हात मांडीवर. शेवटी मी कार्ब हीटचा नॉब ओढला. इंजिन आधी आणखी खोकललं, कारण वितळलेलं पाणी आत जातं, आणि मग सुरळीत झालं. खाली आल्यावर तो म्हणाला, ‘सर, मला वाटलं आपल्या मराठवाड्यात बर्फ कुठून होणार?’

मी त्याला दोष दिला नाही. दोष माझा होता. मी त्याला अक्षरं म्हणून घेतली होती, कारण सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी झाडाखाली बसून सांगितलं ते असं. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. कार्ब्युरेटरमध्ये, जिथं पेट्रोल हवेत मिसळतं, ते तसंच उडतं, आणि अरुंद नळीतून हवा जाताना तिचा दाब पडतो, त्यानंही ती गार होते. दोन्ही मिळून तापमान वीस अंश किंवा त्याहूनही जास्त पडू शकतं. बाहेर पंचवीस अंश असले तरी आत शून्यापर्यंत येऊ शकतं. मग गोठायला हवी ती फक्त ओल. थंड पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या पावसाळ्यात बाहेरून ओला होतो, मे महिन्यात कोरडाच राहतो. म्हणून मेमध्ये ४२ अंशांच्या कोरड्या हवेत हा धोका नगण्य असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याला गारवा सुखाचा वाटतो तेव्हा, तो खरा असतो. त्यातही थ्रॉटल अर्धवट बंद असताना सर्वांत जास्त, कारण झडपेच्या फटीपाशीच बर्फ धरतो. म्हणजे नेमका उतरताना.

आणखी एक. कार्ब हीटची गरम हवा एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापते. इंजिन थांबलं की ती उष्णता झपाट्यानं जाते. म्हणून इंजिन खरखरायला लागलं की नॉब लगेच ओढायचा, सगळं आठवून झाल्यावर नाही. एवढं ज्याला कळलं त्याला सी अक्षराची गरज उरत नाही. त्या मुलाला पुढं कार्ब हीटची आठवण मला कधीही करून द्यावी लागली नाही.

माझा मुद्दा यातच आला आहे. कारण कळलं की कृती आठवते. नुसतं अक्षर आठवलं तर कारणही आठवत नाही आणि पुष्कळदा कृतीही आठवत नाही.

होकायंत्राचे शॉर्टफॉर्म तर याहून फसवे आहेत, कारण ते आपल्या जागेचे नाहीत. अँड्स: पूर्व किंवा पश्चिमेला तोंड असताना वेग वाढला की होकायंत्र उत्तरेकडं वळल्याचं दाखवतं, कमी झाला की दक्षिणेकडं. यूनॉस: उत्तरेकडं वळताना आधी थांबा, दक्षिणेकडं वळताना ओलांडून थांबा. किती आधी? पुष्कळांच्या वहीत तीस अंश लिहिलेलं असतं. हा आकडा कुठून आला हे कुणी विचारत नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तापासून दूर जावं तसं जमिनीत अधिकाधिक खाली झुकतं, आणि या चुका त्या झुकावामुळं होतात. इंग्लंडात हा झुकाव सुमारे ६६ अंशांचा. आपल्याकडं मराठवाड्यात तो तिशीच्या आत. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. थुंब्याचं रॉकेट केंद्र त्याच कारणानं तिथं निवडलं गेलं आणि १९६३ साली पहिलं रॉकेट तिथून उडालं. त्या भागात ही चूक जवळजवळ नसतेच. आपण तिथून फार लांब नाही, त्यामुळं लातूरवर उत्तरेकडं वळताना तीस अंश आधी विमान सरळ केलंत तर उत्तर सापडणार नाही, तिच्या अलीकडंच थांबाल. मी विद्यार्थ्यांना एकदा मुद्दाम हे करून बघायला लावतो. डीआय (दिशा दाखवणारं गायरोचं यंत्र) एकीकडं, होकायंत्र दुसरीकडं. जे दिसेल ते वहीत लिही म्हणतो. स्वतः पाहिलेली चूक आयुष्यभर लक्षात राहते.

‘वेस्ट इज बेस्ट’चंही तसंच. व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक, मिळवायचं की वजा करायचं, यावर मुलं रडकुंडीला येतात. आपल्या भागात ते एक अंशाहूनही कमी आहे. पेपरात मात्र ते गणित कुठल्याही ठिकाणचं येऊ शकतं, तेव्हा शिकून घ्या.

पेपरचा विषय निघालाच आहे तर तो वेगळा काढतो. डीजीसीएचे (वैमानिकांचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याचे) पेपर पर्यायी उत्तरांचे असतात, पास व्हायला ७० टक्के लागतात, आणि तिथं शॉर्टफॉर्मनं चार मार्क जास्त मिळत असतील तर जरूर मिळवा. त्यात गैर काही नाही. फक्त पेपरची वही आणि विमानाची वही एक ठेवू नका. तुमच्या साठांपैकी अर्ध्याहून जास्त बहुधा पेपरचेच असतील. ते कॉकपिटमध्ये डोक्यात घेऊन जायचं कारणच नाही.

क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा हवेचा दाब), मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल), नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) यांना मी शॉर्टफॉर्म म्हणतच नाही, ती नावं आहेत. क्यूएनएचचा फुलफॉर्म ‘नॉटिकल हाइट’ असं कुणीतरी शिकवतं आणि मुलं ते पाठ करतात. तो फुलफॉर्म मागाहून जोडलेला आहे. हे कोड बिनतारी संदेशांच्या जमान्यातले, क्यूपासून सुरू होणारी तीन अक्षरं म्हणजे एक ठरलेला प्रश्न, अक्षरांना स्वतंत्र अर्थ नाही. मेटारमधलं विरळ धुक्याचं बीआर आणि धुराचं एफयू तर फ्रेंच शब्दांवरून आलेत, इंग्रजीत त्यांचा अर्थ शोधत बसाल तर सापडणार नाही. उमरगा किंवा जिंतूर या नावांचा अर्थ ठाऊक नसला म्हणून आपण तिथं जायचं थांबत नाही. क्यूएनएच लावल्यावर अल्टिमीटर (उंचीमापक) समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, आणि लातूर परिसरात जमिनीवर उभे असतानाच तो सुमारे दोन हजार फूट दाखवेल. एवढं कळलं की काम झालं.

चेकलिस्टबद्दलही एक गैरसमज दिसतो. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान उडताच कोसळलं. नियंत्रणं अडकवून ठेवणारं लॉक काढायचं राहिलं होतं. चालवणारे अतिशय अनुभवी होते. त्यानंतर ठरलं ते असं, की एवढ्या गोष्टी लक्षात ठेवायचा भार माणसावर टाकायचा नाही, त्या कागदावर लिहून वाचायच्या. वैमानिकांच्या चेकलिस्टची सुरुवात इथून झाली असं मानतात. आता बघा, कागदावर उतरवलेलं तेच काम आपण पुन्हा शॉर्टफॉर्म करून डोक्यात भरतोय. जमिनीवर इंजिन सुरू करताना, रनअप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी, करताना वेळ असतो. तिथं कागद वाचा. उड्डाणाआधीच्या तपासणीचा सिगारसारखा शॉर्टफॉर्म पाठ म्हणून कागद न उघडणाऱ्या मुलाला मी विमान हलवू देत नाही.

मग अक्षरं ठेवायची कुठं? जिथं कागद उघडायला वेळच नाही आणि क्रम चुकला तर चालत नाही, तिथं. स्पिनमधून, म्हणजे विमान गरगरत खाली येत असताना, बाहेर पडायचं पेअर मी प्रत्येकाकडून पक्कं करून घेतो: पॉवर बंद, एलेरॉन (पंखांच्या कडेच्या झडपा) मध्यावर, रडर (शेपटीची उभी झडप) फिरण्याच्या उलट बाजूला पूर्ण, मग एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप) पुढं. पण तेही विमानाच्या हँडबुकाशी ताडून, आणि रडर आधी, एलेव्हेटर नंतर का, हे फळ्यावर समजल्यावरच. इंजिन बंद पडल्यावरचं एबीसी मी ठेवतो, कारण त्यातलं पहिलं अक्षर एअरस्पीड, म्हणजे हवेतला वेग, आहे आणि माणूस घाबरला की नेमकं तेच विसरतो. १५२ ला ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय घसरत उतरण्याचा, वेग ६० नॉट. आधी तो धरायचा, मग शेत निवडायचं. शेत निवडताना तुमच्याइतकी जाण शहरातल्या मुलाला नसते. कापूस उभा आहे की सोयाबीन काढून रान मोकळं झालंय, उसाचा फड किती उंच, बांध कुठल्या दिशेनं, विजेच्या तारा कुणाच्या विहिरीकडं गेल्यात, हे तुम्हाला वरून दिसतं. त्याला कुठलंच अक्षर नाही आणि ते तुमच्याजवळ आधीपासून आहे.

आणि घरून निघण्याआधीचं आयएमसेफ. आजार, औषध, ताण, दारू, थकवा, खाणं. ते बसून, शांतपणे, स्वतःशी खरं बोलून तपासायचं असतं. पावसाळ्यात सर्दीची गोळी घेऊन बरेच जण येतात. ती झोप आणते, आणि ‘साधी सर्दीच आहे’ असं वाटून सांगितलं जात नाही.

बाकी सगळ्यासाठी हात. आपण महिन्याचे दिवस मुठीवर मोजतो: उंचवटा एकतीस, खाच तीस. तिथं शब्द पाठ करावे लागत नाहीत, बोट फिरतं तसं उत्तर येतं. कॉकपिटमध्ये तेच करायचं. १५२ मध्ये सुरुवात तळाशी, दोन सीटांमधल्या फ्युएल व्हॉल्व्हपासून. तिथून वर, मग उजवीकडून डावीकडं: मिक्श्चर, थ्रॉटल, कार्ब हीट, आणि डाव्या टोकाला इग्निशनची किल्ली. प्रत्येक ठिकाणी हात लावायचा, डोळ्यांनी पाहायचं आणि मनात मराठीत विचारायचं: पेट्रोल चालू? मिश्रण पूर्ण आत? कार्ब्युरेटरला गरम हवा? रेडिओवर इंग्रजी लागतं, विचार कुठल्या भाषेत करायचा याचा नियम नाही. हात फिरवून झाला की वेळ असेल तेव्हा चेकलिस्टवरून एकदा ताडून घ्यायचं. आमच्या गावचे ट्रॅक्टरवाले सकाळी पाणी, ऑइल, डिझेल, पट्टा बघत एका बाजूनं फेरी मारतात आणि मगच बसतात. त्यांना कुणी शॉर्टफॉर्म दिलेला नाही आणि त्यांचं काही राहतही नाही, कारण फेरी दररोज त्याच वाटेनं होते.

घरी करायचं ते सांगतो. तुमच्याच विमानाच्या पॅनलचा फोटो काढा, मोठा छापून घ्या, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा आणि समोर खुर्ची टाका. दिवसातून दोनदा, दहा मिनिटं, मोठ्यानं न बोलता फक्त हात फिरवा. आठवडाभरानं घरच्या कुणाला तरी मध्येच ‘इंजिन बंद!’ म्हणायला सांगा. तेव्हा तोंड आधी उघडलं की हात आधी गेला, ते बघा. हात आधी जायला लागला की सरांना सांगून विमानात तेच करा. तुमचे सर रागावतील अशी भीती वाटतेय हे प्रश्नातून जाणवलं. ‘सर, मी हात फिरवून तपासते, मग चेकलिस्ट वाचते, तुम्ही बघाल का?’ एवढंच विचारा. जागेवर बसून हात योग्य क्रमानं फिरताना दिसला की बहुतेक इन्स्ट्रक्टरांचा शॉर्टफॉर्मचा आग्रह आपोआप सैल होतो. नाहीच झाला, तर त्यांचं गम्प्स म्हणा, पण प्रत्येक अक्षराला हात त्या वस्तूवर पोहोचल्याशिवाय पुढचं अक्षर उच्चारू नका. वेग कमी होईल, होऊ द्या.

वही फाडू नका. प्रत्येक शॉर्टफॉर्मसमोर मराठीत दोन ओळी लिहा: हे का करायचं, आणि नाही केलं तर काय होतं. ज्याच्यासमोर लिहिता येणार नाही त्यावर खूण करा आणि पुढच्या ब्रीफिंगला तेवढंच विचारा. मी सांगितलेल्यात तुमच्या विमानाला लागू न पडणारं काही दिसलं तर तेही इथं लिहा, मी बघतो. आणि सध्या पावसाळी हवा आहे, तेव्हा पुढच्या सॉर्टीत डाउनविंडवर थ्रॉटल मागं घेण्याआधी कार्ब हीट ओढा आणि आरपीएम किती पडतात ते बघून या.